कापड जिवाणूंनी खाल्लं, मग कर्ब वाढला कसा?

धुऱ्यावरची बाभूळ (दारव्हा)
२२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न मातीचा आहे. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय उलगडणार नाही.

आमचं साडेसहा एकर वावर आहे. बाबांच्या मागे पाच वर्षं झाली, मीच करते. साडेचार एकरात सोयाबीन-तूर, सगळं बॅगेतल्या खतावर. उरलेल्या दोन एकरात तीन वर्षांपासून दरवर्षी दहा टन शेणखत टाकते. विकत घेते, कारण दारात आता दोनच जनावरं उरलीत. दोन्हीच्या मधून जुना धुरा (बांध) जातो. तो कधीच नांगरलेला नाही. त्यावर पवन्या गवत, दोन बाभळी आणि एक बोर.

यंदा जुलै संपता संपता मी मांजरपाटाचे (जाड सुती कापडाचे) वीतभर चौकोन कापले, कडा मशीनवर शिवल्या आणि तिन्ही जागी सहा-सहा इंच खोल पुरले. बरोबर ६० दिवसांनी उकरले. साडेचार एकरातल्या तुकड्यावर पिवळे-करडे डाग आणि चार-पाच भोकं, बाकी कापड शाबूत. शेणखताच्या वावरातला जाळीसारखा झालेला, उचलताना हातात फाटला. धुऱ्यावरचा तर सापडेचना. खुरप्याने माती सारत गेले तेव्हा शिलाईच्या पॉलिस्टर दोऱ्याचा चौकोन तेवढा हाती लागला. आत कापड नव्हतंच. त्या दोऱ्याच्या चौकोनातून गवताची केसासारखी मुळं आरपार गेली होती.

सोयाबीन सोंगल्यावर तिन्ही जागची माती तपासायला दिली. सेंद्रिय कर्ब (कार्बन) असा आला: साडेचार एकर ०.३६ टक्के, शेणखताचं वावर ०.४१ (तीन वर्षांपूर्वी ते ०.३८ होतं), धुरा ०.८१.

आता माझा गोंधळ. कापूस म्हणजे कर्बच. जिथे तो सगळ्यात जास्त खाल्ला गेला, तिथेच मातीत कर्ब सगळ्यात जास्त! जिवाणू खातात म्हणजे तो कर्ब हवेत जातो ना? मग खाणारे जास्त तिथे साठाही जास्त, हे कसं? आणि ६० हजाराच्या वर खर्चून तीन वर्षांत माझ्या पदरात ०.०३ च का?

बंडीवाला (बाभूळगाव)
२२ नोव्हेंबर, रात्री ९:४८

ताई, माया आजाच्या टायमाले आमच्या घरी चौदा ढोरं होते. उन्हाळ्यात उकिरडा उपसला का वीस-पंचवीस बंड्या खत वावरात जाये. आता ढोरं नाई, ट्रॅक्टर हाय. पयले वखर मारला का माती भुसभुशीत पडे, आता ढेकलं निंघते अन् पाणी पडलं का वरची माती नाल्यात वाहून जाते. हे आमी डोयानं पाहून राह्यलो. जिवाणूचं अन् कर्बाचं गणित मात्र जाणकारानंच सांगाव. मी वाचून राह्यलो.

चुनखड (अकोला)
२२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

ताई, तुमचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. माझी सारी नोकरी माती तपासण्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

जिवाणू आणि बुरशी अन्न खातात तेव्हा त्यातला सगळा कर्ब श्वासावाटे जात नाही. शंभर भाग खाल्ले तर ढोबळमानाने तीस-चाळीस भागांचं ते आपलं अंग बनवतात, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. अन्न कसं आहे, नत्र किती आहे, ऊन किती आहे यावर हा आकडा खालीवर होतो. जिवाणू मेला की दुसरे त्याला खातात, पुन्हा थोडा कर्ब उडतो. पण प्रत्येक फेरीत पेशीच्या भिंतीचे तुकडे, चिकट स्राव, बुरशीच्या धाग्यांचे अवशेष असं काहीबाही मागे राहतं आणि ते चिकणमातीच्या कणाला जाऊन चिकटतं. एकदा चिकटलं, की ते तोडणारे एन्झाइम तिथवर सहजी पोचत नाहीत. असा कर्ब दशकंच्या दशकं, कधी शतकंही टिकतो.

म्हणजे तुमच्या धुऱ्यातला ०.८१ हा न कुजलेल्या पाल्याचा ढीग नव्हे. त्यातला बराच भाग पुन्हा पुन्हा खाल्ला जाऊन उरलेला आहे. शेतजमिनीतल्या सेंद्रिय कर्बाचा साधारण निम्मा वाटा मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या अवशेषांचा असतो, असे अलीकडचे अंदाज आहेत. जिवंत सूक्ष्मजीव कुठल्याही वेळी जेमतेम १ ते ५ टक्के. आम्ही शिकलो तेव्हा ह्यूमस म्हणजे कुजायला दाद न देणारे मोठे गुंतागुंतीचे रेणू, असं शिकवायचे. २०१५ साली योहानेस लेमान आणि मार्कुस क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी त्या समजुतीला सविस्तर छेद दिला. आता भर यावर आहे की रेणू कुठल्या जातीचा यापेक्षा तो मातीत कुठे अडकला, कशाला चिकटला, यावर त्याचं आयुष्य ठरतं.

आणि इथे आपण नशीबवान आहोत. आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाईट जातीची चिकण आहे, तीच जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. कर्ब चिकटायला एवढी जागा मुरमाड बरडात कुठली मिळायची!

कापडाबद्दल एक. ते किती लवकर कुजलं यावरून खाणारे किती कामात आहेत ते कळतं. साठा किती होतोय ते त्यावरून थेट कळत नाही. धुऱ्यावर दोन्ही जास्त आहेत, कारण तिथे बाराही महिने कुठलं ना कुठलं जिवंत मूळ आहे. मुळं साखरेसारखे पदार्थ सतत झिरपत ठेवतात, सूक्ष्मजीव मुळाच्या अंगालगतच राहून ते खातात आणि तिथेच मरतात, चिकणमातीच्या कुशीत. म्हणून वरून टाकलेल्या पाल्यापेक्षा मुळांतून आलेला कर्ब मातीत जास्त टिकतो. तुमच्या त्या दोऱ्याच्या चौकोनात शिरलेली मुळं, ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहेत.

०.०३ चं गणित उद्या मांडतो.

पूर्णाकाठ (दर्यापूर)
२३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

चुनखड काका, एक विचारतो. आमच्या खारपाणपट्ट्यात मागच्या वर्षी मी एकाच वावराचे दोन नमुने दोन नावांनी दिले. एकाचा कर्ब ०.३१ आला, दुसऱ्याचा ०.५८. प्रयोगशाळेचं नाव घेत नाही. मग ०.०३ वाढलं की घटलं, यावर काय विश्वास ठेवायचा?

चुनखड (अकोला)
२३ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

विश्वास ठेवू नका, हेच खरं उत्तर. ०.०३ हा फरक नमुना घेण्यातच येऊ शकतो. धुऱ्याजवळ, झाडाखाली, जुन्या उकिरड्याच्या जागी खोदलं की आकडा फुगतो. एकरात दहा-बारा जागी व्ही आकाराचा खड्डा करून, दरवेळी त्याच खोलीपर्यंत, त्याच महिन्यात नमुना घ्या. सगळं घमेल्यात कालवून, चार भाग करत समोरासमोरचे दोन काढत अर्धा किलोवर आणा. मग पाच वर्षांनी तुलना करा. दरवर्षी करून हाती काही लागत नाही.

तपासणीची रीतही समजून घ्या. वॉकली आणि ब्लॅक यांची ही पद्धत १९३४ ची. डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालून सेंद्रिय कर्ब जाळायचा आणि डायक्रोमेट किती उरलं ते मोजायचं. सगळा कर्ब त्यात जळत नाही, साधारण ७७ टक्के धरून हिशेब करतात. खारवट मातीत क्लोराइड जास्त असलं तर तेही डायक्रोमेट खातं आणि कर्ब उगाच जास्त दिसतो. पूर्णाकाठ, तुमच्या ०.५८ मागे हे एक कारण असू शकतं, तिथल्या तंत्रज्ञाला जरूर विचारा. आपल्या मातीतले चुनखडीचे पांढरे खडे हाही कर्बच, पण असेंद्रिय. तो या तपासणीत येत नाही. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे, तिथे काळ्या मातीतला हा दोन्ही प्रकारचा कर्ब मोजण्याचं काम वर्षानुवर्षं झालेलं आहे.

आता ताईंचा हिशेब. एक एकर, १५ सेंटीमीटर खोल, एवढ्या मातीचं वजन सुमारे ८०० टन. त्यात ०.१ टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे ८०० किलो कर्ब टिकला पाहिजे. तुम्ही एकरी पाच टन शेणखत टाकता. अर्धं पाणी धरा, उरलं अडीच टन. त्यात कर्ब एक तृतीयांश, म्हणजे ८०० किलोच्या आसपास. आपल्या उन्हात त्यातला दहा-पंधरा टक्के मागे राहिला तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे वर्षाला ८० ते १२० किलो. तीन वर्षांचे झाले साधारण ३०० किलो. ३०० किलो म्हणजे ०.०३ ते ०.०४ टक्के.

तुमच्या आकड्याशी गणित जुळतंय. एवढ्या फरकावर मी शपथ घेणार नाही, पण खत वाया गेलेलं नाही एवढं नक्की. जो कर्ब उडाला त्यानेच जिवाणू जगले, त्यांनीच पिकाला नत्र-स्फुरद मोकळं करून दिलं.

नवा कास्तकार (पुणे, मूळ गाव वर्धा जिल्ह्यात)
२३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

खूप छान चर्चा. मी नोकरी सांभाळून गावची चार एकर बघतो. दोन शंका. बाजारात जिवाणूंच्या बाटल्या मिळतात, त्या सोडल्या तर हे काम लवकर होईल का? जीवामृताचंही तेच विचारायचंय. दुसरं म्हणजे, एका कंपनीचे लोक गावात येऊन कार्बन क्रेडिटचे (मातीत कर्ब साठवल्याबद्दलचे) पैसे मिळतील म्हणून सह्या मागतायत. करावी का?

चुनखड (अकोला)
२३ नोव्हेंबर, दुपारी ४:००

जीवामृत ही आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी घरोघरी पोचवलेली रीत. दहा किलो शेण, गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, २०० लिटर पाण्यात. एका एकराला एवढ्यातून जाणारा कर्ब दोन-तीन किलोच भरतो. म्हणजे कर्बाचा साठा त्यातून यावा अशी अपेक्षाच धरू नये. ते सूक्ष्मजीवांना जागं करतं, चालना देतं. पण खायला वावरात काडीकचरा आणि मुळं नसतील तर जागे होऊन ते करतील काय? बाटलीचंही तसंच. सोयाबीन-तुरीच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांच्या गाठीत राहून हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) जरूर लावा, ते नेमक्या कामाचं आहे. बाकी, चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू आधीच आहेत. वाण पडते ती त्यांच्या जेवणाची.

क्रेडिटबद्दल: करार मराठीत मागा. किती वर्षांसाठी बांधले जाता, माती कोण आणि किती खोल मोजणार, मध्ये नांगरट केली तर काय, हे लेखी घ्या. ०.०३ मोजायला किती अवघड ते वर पाहिलंच.

बंडीवाला (बाभूळगाव)
२३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

काका, मंग पराटीचं, म्हंजे कापूस येचल्यावर उरलेल्या झाडायचं, काय करावं ते सांगा. आमच्या गावात जानेवारीत सारे पराटी पेटवून देतात. काई बाया चुलीसाठी नेतात. पेटवू नोका म्हणलं तर म्हणतात बोंडअळी राह्यते तिच्यात. तेबी खोटं नाई, २०१७ साली गुलाबी अळीनं सारा कापूस खाल्ला होता. आता कर्ब वाचवावं का अळी मारावं?

धुऱ्यावरची बाभूळ (दारव्हा)
२३ नोव्हेंबर, रात्री ९:०२

बंडीवाला भाऊ, हाच प्रश्न मलाही पडला होता. मागच्या वर्षी शेजारच्या काकांनी फरदड घेतली नाही (म्हणजे तेच पीक पुढे लांबवलं नाही), डिसेंबरातच कापूस उलंगला, म्हणजे संपवला, आणि ट्रॅक्टरच्या श्रेडरने पराटीचा जागेवर भुगा केला. उभ्या किंवा रचून ठेवलेल्या पराटीत, न फुटलेल्या बोंडांत अळी टिकते. बारीक भुगा करून मातीत गेली की तिचा आसरा मोडतो. पण त्यांचा रब्बीचा हरभरा त्या वावरात पिवळा पडला, म्हणून आता ते पुन्हा पेटवायच्या विचारात आहेत. असं का झालं असेल?

चुनखड (अकोला)
२३ नोव्हेंबर, रात्री १०:४५

नत्राची ओढाताण. सूक्ष्मजीवाच्या अंगात आठ भाग कर्बाला एक भाग नत्र लागतो. गव्हाच्या काडात हे प्रमाण ऐंशीला एक. पराटीही तशीच, कर्बाने गच्च आणि नत्राने गरीब. एवढं खाणं एकदम आलं की जिवाणू नत्रासाठी मातीकडे हात पसरतात आणि पिकाच्या तोंडचा घास जातो. हरभऱ्याच्या गाठी धरायच्या आधीच हे घडलं असेल. भुग्यावर लगेच शेणाची रबडी किंवा एकरी थोडा युरिया शिंपडून ओल असतानाच मातीत मिसळायला हवं होतं, आणि पेरणीला काही आठवडे सवड द्यायला हवी होती. ओल नसेल तर खड्ड्यात थर लावून कंपोस्ट करा. काकांना म्हणावं, पेटवू नका.

यातच साठ्याचीही मेख आहे. ऑस्ट्रेलियात क्लाइव्ह कर्कबी या संशोधकांनी दाखवून दिलं की मातीतल्या टिकाऊ सेंद्रिय पदार्थात कर्ब, नत्र, स्फुरद, गंधक ठरावीक प्रमाणातच असतात. १,००० किलो कर्बामागे साधारण ८० किलो नत्र, २० किलो स्फुरद, १४ किलो गंधक. म्हणजे ताईंचे ते ८०० किलो टिकवायला सुमारे ६५ किलो नत्र मातीत बांधलं जाणार, युरियाच्या तीन बॅगांएवढं. नुसतं काड टाकून कर्ब वाढत नाही, तो यामुळे. आंतरपिकात मूग, चवळी, नाही तर धुऱ्याकडेने ताग घेतला तर ते नत्र हवेतून फुकट येतं.

बांधीतला धान (भंडारा)
२४ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

आमच्याकडे धानाच्या बांधीत चार महिने पाणी उभं असतं. हवा नसल्याने कुजणं मंदावतं, त्यामुळे कर्ब टिकतो असं वाचलंय. पण तेच पाणी मिथेन काढणाऱ्या जिवाणूंना मानवतं, तोही वायू तापवणाराच. म्हणून अधूनमधून बांधी सुकवावी म्हणतात. आम्ही मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ वावरात टाकतो. त्या वावराचं धान दोन वर्षं वेगळंच दिसतं.

चुनखड (अकोला)
२४ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

गाळात चिकण असते, म्हणजे कर्बाला चिकटायला नवी जागा. हलक्या जमिनीत फार उपयोगी. भारी काळ्यात गाळाची तेवढी गरज नाही.

पूर्णाकाठ (दर्यापूर)
२४ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

आता नांगरटीचं बोला. सगळीकडे विनानांगरणीचा सल्ला देतात. आमच्या भारी चोपण जमिनीत तण एवढं माजतं आणि पाणी एवढं साचतं की डवरा-वखर फिरवल्याशिवाय पीकच उभं राहत नाही. मजुरीने निंदण करून घ्यायचं तर हिशेब तोट्यात जातो. पुस्तकातली गोष्ट आमच्या वावरात उतरत नाही, काका.

धुऱ्यावरची बाभूळ (दारव्हा)
२४ नोव्हेंबर, दुपारी ३:४४

मी आज एक करून पाहिलं. धुऱ्यावरचं एक ढेकूळ आणि साडेचार एकरातलं एक, दोन्ही सुपारीएवढी, सावलीत सुकवलेली, पाण्याच्या दोन पेल्यांत अलगद सोडली. वावरातलं दोन मिनिटांत विरघळलं, तळाशी गाळ आणि पाणी चहासारखं. धुऱ्याचं अर्ध्या तासानंतरही तसंच, पाणी नितळ. काडीने फोडलं तर आतून पांढरे बारीक धागे निघाले.

चुनखड (अकोला)
२४ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१०

ते धागे बुरशीचे. तेच आणि जिवाणूंचा डिंक मिळून मातीचे रवे बांधतात. रव्याच्या आत अडकलेला कर्ब खाणाऱ्यांच्या हाती लागत नाही. नांगर फिरला की रवे फुटतात, हवा जाते, आणि आतलं सगळं जेवणाच्या ताटात येतं. नांगरल्यावर पीक जोमात दिसतं, ते पुष्कळदा या जुन्या शिलकीवर.

पूर्णाकाठ, तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. खारपाणात निचऱ्याचा प्रश्न आधी, रुंद सरी-वरंबा करावाच लागेल. माझं मागणं एवढंच की उन्हाळ्यातली खोल नांगरट दरवर्षी नको, तीन वर्षांतून एकदा करा. आणि तूर उपटू नका, जमिनीलगत कापा. खाली गेलेलं सोटमूळ तिथेच राहू द्या, वखराच्या पाशीच्या (पात्याच्या) खाली ते सुरक्षित आहे.

पूर्णाकाठ (दर्यापूर)
२४ नोव्हेंबर, रात्री ८:००

तूर कापायचं पटलं. तीन वर्षांचं एका एकरावर करून बघतो. बाकी वावर मी नांगरणारच.

बंडीवाला (बाभूळगाव)
२४ नोव्हेंबर, रात्री ८:४१

मिरगाचं पयलं पाणी पडल्यावर जो वास येते, तो बी या जिवाणूचाच का काका?

चुनखड (अकोला)
२४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

हो भाऊ, त्यांचाच. ॲक्टिनोमायसिटीज नावाचे जिवाणू जिओस्मिन बनवतात, मातीच्या वासात मोठा वाटा त्याचा. आणि त्याच घडीला आणखी एक घडत असतं. उन्हाळ्यात ४५ अंशात माती वाळते, बरेच सूक्ष्मजीव मरतात, बाकीचे निपचित पडतात. पहिल्या पावसाने उरलेले जागे होतात आणि मेलेल्यांवर तुटून पडतात. काही दिवस मातीचा श्वास एकदम वाढतो. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर हे मांडलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. त्या वेळी कर्ब उडतो, पण नत्रही मोकळं होतं. आपले म्हातारे धूळपेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी) करायचे त्यात हे नत्र कोंबाला सापडत असावं, असं मला वाटतं. वावर उघडं असेल तर तेच नत्र पाण्याबरोबर खाली जातं.

धीर धरायच्या दोन गोष्टी सांगून थांबतो. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होसफील्ड नावाच्या वावरात एका तुकड्याला १८५२ ते १८७१ शेणखत दिलं आणि बंद केलं. शंभराहून जास्त वर्षांनीही त्या मातीत कधीच खत न दिलेल्या तुकड्यापेक्षा कर्ब जास्त भरतो. थंड देशातली गोष्ट म्हणाल, तर हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत आपल्यासारख्याच काळ्या मातीवर १९७६ पासून वर्षानुवर्षं प्रयोग चालला. पावसाळ्यात वावर मोकळं ठेवून फक्त रब्बी घेण्याऐवजी, रुंद वरंब्यावर तुरीचं आंतरपीक, खत आणि पालापाचोळा देत गेले. तिथे जुन्या पद्धतीपेक्षा हेक्टरी वर्षाला सुमारे ३३० किलो कर्ब जास्त साठत गेला, आणि धान्यही कितीतरी पटीने जास्त आलं.

धुऱ्यावरची बाभूळ (दारव्हा)
२५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

काका, रात्री हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा तूर कापूनच काढायचे, उपटणारे मजूर आमच्याकडे मागाहून आले. मला हे माहीतच नव्हतं.

ठरवलंय ते सांगते. शेणखत दोन एकरातच न टाकता आता तेवढंच चार एकरात विभागून देईन, आणि उरलेली भर मुळांवर. सोयाबीन सोंगल्यावर जिथे ओल असेल तिथे हरभरा, नाही तर ताग. वावर उघडं ठेवायचं नाही. पराटी यंदा भुगा करून रबडीसकट खड्ड्यात. शेजारच्या काकांनाही तयार केलंय, त्यांच्या गोठ्यात शेण आहे आणि माझ्याकडे खड्डा. नमुने पुढचे पाच वर्षांनी, त्याच जागी. आज धुऱ्यापासून पावलं मोजून दहा खुणा वहीत लिहून ठेवल्या.

कापड पुन्हा जुलैत पुरणार आहे. एक विचारायचं राहिलं: सहा इंचांवर एक आणि दीड फुटावर एक, असं दोन खोलींवर पुरलं तर तुरीच्या सोटमुळाचा फरक दिसेल का?

चुनखड (अकोला)
२५ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

दिसायला हवा. खाली हवा आणि अन्न दोन्ही कमी, त्यामुळे कापड हळू कुजेल, ६० ऐवजी ९० दिवस ठेवा. एक तुरीच्या तासात (ओळीत) पुरा, एक दोन तासांच्या मध्ये. आणि शिलाई पॉलिस्टरच्याच दोऱ्याची ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी जागाच सापडायची नाही.